मदत हवी आहे: कबड्डीत मुलाच्या मानेला मार, एक्सरे नॉर्मल आहे पण हाताला मुंग्या येतात

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा आठवीत आहे, शाळेच्या कबड्डी टीममध्ये चढाईला जातो. मागच्या आठवड्यात तालुक्याच्या स्पर्धेत बोनसला पाय टाकला आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला, वरून कव्हरवाल्याने अशी डॅश मारली की हा सरळ डोक्यावर आपटला, मान पुढे दुमडली गेली. उठला तो उजवा हात डाव्या हातात धरूनच. म्हणाला, आई खांद्यापासून अंगठ्यापर्यंत करंट गेला, हात जड पडलाय. थोड्या वेळात हात हलायला लागला, मग सरांनी स्प्रे मारला आणि दुसऱ्या हाफला परत उतरवला. मी नको नको म्हणत होते पण सेमीफायनल होती, कोण ऐकतंय.

रात्री मान आखडली. सकाळी तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेला, एक्सरे काढला, हाडाला काही नाही म्हणाले, गळ्याला मऊ पट्टा आणि गोळ्या दिल्या. दुखणं आता बरंच कमी आहे, पण वर बघितलं की अजून अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. आणि काल माझ्या लक्षात आलं की दप्तर उजव्या खांद्यावर चढवताना तो डाव्या हाताने वर ढकलतोय. चालणं, लघवी, झोप सगळं व्यवस्थित आहे.

घरात सगळे म्हणतायत नस चढलीय, शेजारच्या गावात मान बसवणारे आहेत, एकदा नेऊन आण. मला अजिबात धीर होत नाही. त्यात जिल्ह्याची निवड तोंडावर आलीय आणि पोरगं रोज विचारतंय मी खेळू ना. एक्सरे चांगला आला म्हणजे विषय संपला का? एमआरआय करावा का आणि कुणाकडे न्यावं? कृपया लवकर सांगा.

– आठवीतल्याची आई

प्रतिसाद: फिजिओ_सांगली

ताई, पहिली गोष्ट, मान बसवणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. कडकन मोडायची नाही, तेल लावून रगडायची पण नाही, निदान नक्की होईपर्यंत तरी नाहीच.

तुम्ही जे सांगताय त्याला खेळाच्या दुनियेत स्टिंगर म्हणतात. मान एका बाजूला झटक्यात वाकते, खांदा खाली दाबला जातो, आणि मानेतून हाताकडे जाणारी नस ताणली किंवा चिमटली जाते. करंट एकाच हातात येतो आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत किंवा मिनिटांत जातो. तुमच्या मुलाचं तसं झालेलं नाही, मुंग्या अजून आहेत आणि दप्तर उचलताना खांद्यात जोर कमी पडतोय, त्यामुळे हे असंच सोडून देऊ नका. अंगठ्याकडची बाजू आणि खांदा उचलायची ताकद या मानेतल्या पाचव्या-सहाव्या नसेच्या गोष्टी, म्हणून सगळं एकाच जागेकडे बोट दाखवतंय.

एक्सरेत हाडं दिसतात. नस, दोन मणक्यांमधली गादी, मज्जारज्जू दिसत नाही. पोरांच्या मानेचे बंध सैल असतात, अंगाच्या मानाने डोकं जड असतं आणि मानेचे स्नायू कच्चे, त्यामुळे हाड न मोडताही आत इजा होऊ शकते. १९८२ साली पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी नेमकी अशीच मुलं नोंदवली, एक्सरे स्वच्छ पण मज्जारज्जूला इजा, आणि काहींना लक्षणं उशिरा आली. तुमच्या मुलाला तसं आहे असं मी म्हणत नाहीये, एका हाताचं दुखणं बहुतेक नसेचंच निघतं. पण हे तपासून ठरवायचं असतं. न्यूरोसर्जन किंवा स्पाइनच्या डॉक्टरांकडे न्या, ते दोन्ही हातांची ताकद, प्रतिक्षेप (हातोडीने ठोकल्यावर हात आपोआप उडतो का ते), स्पर्श बघतील आणि एमआरआय लागेल का सांगतील. एमआरआयला किरणं नसतात, त्याची भीती नको.

एक मात्र लक्षात ठेवा. दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी अडकणं किंवा कपड्यात होणं, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरणं, मान एका बाजूला वळलेली राहून सरळच न होणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलला.

निवडीचं तर विसराच. मान सगळीकडे न दुखता फिरली पाहिजे, दोन्ही हातांचा जोर सारखा झाला पाहिजे, मुंग्या पूर्ण गेल्या पाहिजेत आणि डॉक्टरांनी लेखी दिलं पाहिजे, त्याच्या आधी मैदान नाही.

प्रतिसाद: तांबडी_माती

वहिनी, आमच्याकडे कोल्हापूर भागात तालमीत हे नेहमीचं. मला राग येतो तो एकाच गोष्टीचा, पोरगं मानेवर पडलं की चार जण हातपाय धरून उचलतात. ते करायचं नाही. पोरगं शुद्धीवर असलं तरी मानेत मधोमध दुखतंय म्हणालं किंवा हातापायात काही वाटतंय म्हणालं तर तिथंच पडू द्या, एकाने डोक्याजवळ गुडघ्यावर बसून दोन्ही तळव्यांनी डोकं आहे तसं धरून ठेवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. पाणी पाजायचं नाही, उशी द्यायची नाही. उलटी आलीच तर डोकं, खांदे, कंबर एकदम, लाकडासारखं एका रेषेत कुशीवर वळवायचं, त्याला तीन-चार माणसं लागतात.

आणि सरांना सांगा, पकड शिकवताना डोकं वर ठेवायला शिकवा. पोरं डोकं खाली घालून घुसतात. मान थोडी खाली झुकली की मानेचा बाक सरळ होतो आणि सगळा दणका मणक्यावर बसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९७६ ला डोकं पुढं करून धडक मारायला बंदी घातली आणि मानेने लुळी पडणारी पोरं खूप कमी झाली. डॅश मारणाऱ्या पोराची मान पण तितकीच धोक्यात असते, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही.

प्रतिसाद: आठवीतल्याची आई

दोघांचे मनापासून आभार. काल जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरोसर्जनना दाखवून आलो. त्यांनी हात बाजूला उचलून धरायला लावले आणि वरून दाबलं तेव्हा उजवा हात लगेच खाली गेला, मला स्वतःला फरक दिसला. एमआरआय झाला. मज्जारज्जू आणि गादी चांगली आहे, नस ताणली गेलीय म्हणाले. तीन आठवडे मैदान बंद, मग परत ताकद बघायची, पट्टा आता काढून टाकायला सांगितला. दुखणं थांबल्यावर कपाळाला तळवा लावून डोकं न हलवता दाबायचा व्यायाम दाखवलाय, फिजिओ म्हणतील तेव्हाच सुरू करायचा.

पोरगं निवडीच्या नावाने दोन तास रडलं, पण डॉक्टरांनी त्याच्याशीच बोलून समजावलं, आता मला विचारत नाही.

आता एक वेगळी मदत हवी आहे. मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे. हाताला करंट गेला, मुंग्या आल्या किंवा मान दुखली तर त्या दिवशी परत उतरवायचं नाही, एवढं तरी लिहून शाळेच्या मैदानावर लावावं आणि स्पर्धेला जाताना एकाला तरी प्रथमोपचार येत असावा, असं सांगणार आहे. कुणाच्या शाळेत किंवा क्लबमध्ये असा कागद मराठीत केलेला असेल तर फोटो टाकाल का? सोमवारी भेटायचंय.