‘वयचोरी’ म्हणजे नेमकी कशाची चोरी?

शेवंता :
एका दिवाळी अंकासाठी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील बेसबॉलविषयीच्या लेखाचा मी अनुवाद करीत आहे. त्यात अमेरिकेतील क्लीव्हलँड संघाचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) फाउस्तो कार्मोना याचे प्रकरण आले आहे. जानेवारी २०१२ मध्ये सांतो दोमिंगो येथील अमेरिकी वकिलातीबाहेर त्याला अटक झाली आणि त्याचे खरे नाव रोबेर्तो एर्नांदेस असून वय २८ नव्हे तर ३१ आहे, हे उघडकीला आले. मी याला ‘वयचोरी’ म्हटले. संपादकांनी तो शब्द खोडून ‘वयविषयक गैरव्यवहार’ असे केले आणि समासात लिहिले, ‘चोरी दुसऱ्याच्या मालाची होते; स्वतःचे वय कोण चोरणार?’ आमच्या तालुक्यातल्या कबड्डीच्या मैदानावर ‘वयचोर’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकला आहे. ‘गैरव्यवहार’ म्हटले की मला पतपेढीच आठवते. जाणकारांचे मत काय?

कानामात्रा :
संपादकांनी ‘चोरणे’ या क्रियापदाचा एकच अर्थ धरलेला दिसतो. आपण अंग चोरून बसतो, नजर चोरतो, कामचोराला बोल लावतो. यांपैकी कुठेही दुसऱ्याचा माल नाही. जे पुढे करायचे ते आत ओढून धरणे, असा हा दुसरा अर्थ असून तो मराठीत चांगला मुरलेला आहे. करचोरीही त्याच जातीची आहे. मिगेल तेहादा या डॉमिनिकन बेसबॉलपटूने १९९३ मध्ये अमेरिकेतील ओकलंड संघाशी करार करताना १९ चा असून १७ सांगितले, म्हणजे दोन वर्षे अंगाखाली दडवली. एप्रिल २००८ मध्ये दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत त्याच्यासमोर त्याचाच जन्मदाखला ठेवला गेला, तेव्हा तो मुलाखत सोडून उठला. याला वय चोरणेच म्हणतात.

विसर्गसंधी :
बोलीत चालते म्हणून ते लेखनात चालावे, हा आग्रह मला मान्य नाही. ‘वयोगट’, ‘वयोमर्यादा’ यांच्या पंक्तीत ‘वयोवंचना’ हा शब्द सहज बसतो, कानाला गोड लागतो आणि त्यात फसवणुकीचा अर्थही स्पष्ट आहे. चोरीच हवी असेल, तर संधिनियमाप्रमाणे ‘वयश्चौर्य’ असे लिहावे लागेल.

माळरान :
वयश्चौर्य असा मथळा पाहिला तर वाचक तो पंचांगातला एखादा योग समजतील.

परसदार :
मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि बेसबॉल नियमाने पाहतो. इथे शब्दापेक्षा प्रकरण नीट समजून घेण्याची गरज आहे, असे मला वाटते. अमेरिकी संघांनी परदेशी मुलांशी करार करण्याचे किमान वय १६ आहे आणि त्या वयातच सर्वाधिक पैसा मिळतो. सोळाव्या वर्षी जो मुलगा एवढा जोरात चेंडू फेकतो तो बाविसाव्या वर्षी काय करील, या अंदाजालाच बोली लागते. तोच चेंडू एकोणिसाव्या वर्षी फेकला तर त्याचे मोल एकदम खाली येते. एस्मायलिन गोन्सालेस या सोळा वर्षांच्या म्हणवणाऱ्या मुलाला वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने २००६ मध्ये १४ लाख डॉलर दिले. २००९ मध्ये कळले की त्याचे नाव कार्लोस आल्वारेस होते आणि करार झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. यात नुसते वय दडवलेले नाही, संपूर्ण माणूसच बदललेला आहे. शेवंताताईंच्या कार्मोनाचेही तेच आहे. अशा वेळी ‘वयचोरी’ हा शब्द तोकडा पडतो. आपल्याकडे त्यासाठी ‘तोतया’ हा खणखणीत शब्द असताना तो कुणाला का सुचला नाही, याचे नवल वाटते.

कानामात्रा :
तोतयाचा हेतू अगदी उलटा असतो. पानिपतानंतर जो तोतया उभा राहिला, त्याला सदाशिवरावभाऊंचे नाव हवे होते, कारण त्या नावामागे दौलत होती. कार्मोना या नावाला मात्र काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती त्या नावापुढे लिहिलेल्या जन्मतारखेला. नाव हे केवळ तारखेचे टरफल होते. शिवाय लिओ नुन्येस या नावाने मार्लिन्स संघाकडून खेळणारा हुआन कार्लोस ओविएदो मित्राच्या नावावर खेळत होता आणि त्याने जेमतेम एक वर्ष वाचवले होते. एका वर्षासाठी कुणी तोतया होतो का?

विसर्गसंधी :
‘तोतया’ हा शब्द ‘तोता’वरून, म्हणजे पढवलेले बोलणाऱ्या पोपटावरून आला असावा, असे आमचे एक गुरुजी सांगत. त्या न्यायाने खोटी जन्मतारीख पाठ करून वकिलातीत म्हणून दाखवणारा मुलगा तोतयाच ठरतो.

माळरान :
गुरुजींविषयी आदर राखून सांगतो की ही व्युत्पत्ती सोयीची वाटते, म्हणूनच संशय येतो. आणि एवढा नैतिक संताप कशासाठी? आमच्या वडिलांच्या पिढीत गावातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती ‘लावली’. ‘वय लावणे’ हाच आपला खरा प्रयोग आहे. त्यात लबाडी आहे की सोय, हे त्या शब्दातून कळत नाही, आणि मला तेच आवडते.

शेवंता :
एक जूनच्या तारखेने कुणाला चौदा लाख डॉलर मिळाले नाहीत, माळरानदादा. गुरुजींना मुलाला पहिलीत बसवायचे होते. इथे मुलाला पढवणारा आणि खाऊपिऊ घालणारा ‘बुस्कोन’ (स्थानिक दलाल-प्रशिक्षक) असतो, कराराच्या रकमेत त्याचा मोठा वाटा असतो, आणि कागद ‘जुळवून’ आणण्यात त्यांच्यापैकी अनेकांचा हात असल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी व्हिसाची तपासणी कडक झाली, तेव्हा तीनशेहून अधिक खेळाडूंची वये खोटी निघाली. बार्तोलो कोलोनसारखा नावाजलेला पिचरही त्यांत होता. तिथे ‘लावणे’ म्हटले तर वाचकाला तो कारकुनी घोळ वाटेल.

परसदार :
कानामात्रांच्या ‘आत ओढून धरण्या’ला मी एक अडचण दाखवतो. आद्रियान बेल्त्रे हा डॉमिनिकन खेळाडू १९९४ मध्ये पंधरा वर्षांचा होता. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाने करारासाठी कागदावर त्याचा जन्म १९७९ ऐवजी १९७८ चा दाखवून त्याला सोळाचा केले. १९९९ मध्ये हे उघड झाल्यावर क्लबला ५०,००० डॉलर दंड झाला आणि त्यांची डॉमिनिकन अकादमी वर्षभर बंद ठेवावी लागली. इथे वय चोरलेले नसून वाढवलेले आहे, आणि वाढवणारा खेळाडू नसून धनी आहे. याला तुम्ही काय म्हणाल?

कानामात्रा :
‘वय चढवणे’. गोठ्यात किंमत चढवतात, हिशेबात खर्च चढवतात, तसे.

विसर्गसंधी :
‘चढवणे’ हे सकर्मक असले तरी त्यातून लबाडी ध्वनित होत नाही. दागिनेही अंगावर चढवतात. वयोवंचना म्हटले असते, तर चोरलेले आणि चढवलेले हे दोन्ही त्यात मावले असते.

माळरान :
मावले असते, पण कबड्डीच्या मैदानावर ओरडून दाखवा.

विसर्गसंधी :
दिवाळी अंक मैदानावर ओरडून वाचत नाहीत.

शेवंता :
माझा लेख सोमवारी जायचा आहे. बेल्त्रेचाही त्यात एक परिच्छेद आहे, हे मी सांगायला हवे होते का?

कानामात्रा :
मग ‘चढवणे’ घ्याच; फक्त त्या वाक्याचा कर्ता डॉजर्स ठेवा, बेल्त्रे नव्हे.

विसर्गसंधी :
कर्ता डॉजर्स, तर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी?