मदत हवी आहे: एम ६७ मधल्या ताऱ्यांचं धातुमान सारखं का येत नाहीये?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी विचारतोय. कर्क राशीतला एम ६७ हा खुला तारकागुच्छ घेतलाय, वय साधारण ४ अब्ज वर्षं, धातुमान (लोखंडासारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण) सूर्यासारखंच, त्यामुळे शिकायला हाच बरा वाटला. गाया या अंतराळ दुर्बिणीच्या डीआर ३ (तिसरं डेटा प्रकाशन) मधून निजगती (ताऱ्याचं आकाशात सरकणं) आणि पॅरलॅक्स (यावरून अंतर कळतं, इथे १.१५ मिलीआर्कसेकंदच्या आसपास) बघून तारे निवडले, मग तेच अपोजी या ताऱ्यांच्या वर्णपटांच्या सर्वेक्षणाच्या डीआर १७ मध्ये शोधले. रेडियल व्हेलॉसिटीचा (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) हिस्टोग्राम काढला तर ३४ किमी प्रतिसेकंदाजवळ इतकं टोकदार शिखर आलं की खरंच आनंद झाला, एवढे तारे एका वेगाने चाललेत हे आपल्याच प्लॉटवर दिसणं वेगळंच असतं.

पण पुढे घोळ झाला. सगळे एकाच ढगातून जन्मले म्हणजे लोखंडाचं प्रमाण सारखं यायला हवं ना? माझ्याकडे टर्नऑफजवळच्या (गाभ्यातला हायड्रोजन संपत आलेल्या) ताऱ्यांचं लाल जायंट्सपेक्षा (फुगलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांपेक्षा) साधारण ०.१ डेक्सने (लॉग माप, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी) कमी येतंय. सिग्नल टू नॉइज (संकेत गोंगाटाच्या किती पट) १०० च्या खालचे उडवले तरी फरक तसाच. आता हे पाइपलाइनचं, म्हणजे वर्णपटातून आकडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे (दोघांचं तापमान आणि पृष्ठभागावरची ग्रॅव्हिटी फारच वेगळी), का यादीत बाहेरचे तारे घुसलेत, का खरंच ताऱ्यांत काही होतंय?

शिवाय सात-आठ तारे असे आहेत की निजगती अगदी जुळते पण वेग ५ ते १० किमीने वेगळा. काढून टाकू का?

उत्तर:
घाईने काही उडवू नका. एम ६७ मध्ये हा फरक खराच सापडलेला आहे, अ‍ॅटॉमिक डिफ्यूजन म्हणतात त्याला. टर्नऑफच्या ताऱ्यात वरचा ढवळला जाणारा थर पातळ असतो, त्यामुळे जड मूलद्रव्यं अब्जावधी वर्षं हळूहळू खाली बसत जातात, तोच तारा पुढे जायंट झाला की कन्व्हेक्शन खोलवर जातं आणि खाली बसलेलं परत वर येतं. पाइपलाइनचा दोष वेगळा काढायचा तर टर्नऑफ आणि जायंटच्या मधल्या टप्प्यातले सबजायंट बघा, तिथे धातुमान हळूहळू चढताना दिसायला हवं, आणि टर्नऑफच्या खालचे कमी वस्तुमानाचे ड्वार्फही (अजून गाभ्यात हायड्रोजन जाळणारे तारे) घ्या, त्यांचा थर जाड म्हणून घट कमी हवी. नुसता ड्वार्फ-जायंट ऑफसेट असेल तर तेही टर्नऑफइतकेच खाली येतील.
वेग न जुळणारे बहुधा जोडतारे. प्रत्येक व्हिजिटचा (एका वेळच्या निरीक्षणाचा) वेग वेगळा बघा, १ किमीच्या वर हलत असेल तर सदस्य म्हणून ठेवा पण धातुमानाच्या सरासरीत धरू नका, जोडीदाराचा प्रकाश रेषांमध्ये मिसळतो.

खूप आभार सर, खालच्या ड्वार्फचं डोक्यातच आलं नव्हतं. पण ते अंधुक आहेत, अपोजीत माझ्याकडे मोजकेच उरतात. लॅमोस्ट या दुसऱ्या वर्णपट सर्वेक्षणातून घेतले तर? तिथलं लो रिझोल्यूशन (वर्णपट किती बारकाईने दिसतो ते) १८०० च्या आसपास आणि अपोजीचं २२,५००, मग ०.१ डेक्सचा फरक त्यात पकडता येईल का?