मदत हवी आहे: लेकीची जपानी कोसेकीत (कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत) नोंद, मुदत संपत आलीये

चिंचवडचा_जावई:
नमस्कार मंडळी,

बायको जपानी, मी पुण्याचा. लेक पुण्यातच झाली, दोन महिने उलटून गेलेत. मुंबईला कंबाला हिलवर जपानी कॉन्सुलेट आहे, तिथे जन्माची नोंद द्यायची आहे. ती तीन महिन्यांच्या आत दिली नाही तर लेकीचं जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. आमचे बाबा म्हणतात, "फार तर लेट फी भरा." पण तिथे लेट फी हा प्रकारच नाही.

घोडं अडलंय नावावर. आत्याने बारशाला कानात 'लीला' सांगितलं. जपानीत 'ल' नाही, तिचं 'रिरा' होणार, आणि ते बायकोला पटत नाही. त्यामुळे महापालिकेचा जन्मदाखला आलाय, पण त्यात नावाची जागा कोरी आहे.

प्रश्न असे:
बायकोचं सिझेरियन झालंय, एवढा प्रवास तिला नको आहे. मी एकटा गेलो तर चालेल का?
कोऱ्या नावाचा दाखला घेतील का?
पासपोर्ट भारतीय काढायचा की जपानी, हे घरात ठरलेलं नाही. नुसत्या नोंदीने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागतो का?
आणि जरा वेगळं: निहोन्जिनकाईत, म्हणजे जपानी मंडळात, आमच्यासारख्या घरांना घेतात का? सासूबाई परत गेल्यापासून बायको दिवसभर एकटी असते. माझी आई जीव लावते, पण दोघींची भाषा म्हणजे खाणाखुणा.

टोक्योची_सून_नव्हे_मावशी:
जावईबापू, आधी मुदत नीट मोजा. जन्माचा दिवस धरून मोजतात. ५ मार्चचा जन्म असेल तर ४ जून शेवटचा दिवस, ५ जून नाही. आमच्या भाचीच्या वेळी ताईचे यजमान एक दिवस जास्तीचा धरून निवांत बसले होते.

नोंद आई किंवा वडील कुणीही देऊ शकतं, परदेशी वडीलसुद्धा. मात्र अर्जावर 'जपानी नागरिकत्व राखून ठेवत आहे' अशा अर्थाची एक ओळ असते, तिथे अर्ज देणाऱ्याचीच सही लागते. बाकी रकाने भरून ही सही राहिली तर सगळं मुसळ केरात.

दुसरी गंमत जन्मवेळेची. जपानी अर्जात तास-मिनिटं विचारतात आणि आपल्या दाखल्यावर वेळ छापलेलीच नसते. पत्रिकेसाठी तुम्ही वेळ लिहून ठेवली असेलच, पण त्या चिठ्ठीचा इथे उपयोग नाही. रुग्णालयाकडून वेळेसह कागद घ्या. दाखल्याचं जपानी भाषांतरही जोडावं लागतं, ते वहिनी घरी करू शकतील. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव लिहायचं.

कोऱ्या दाखल्यावर विसंबू नका. जन्मापासून वर्षभरात आपल्याकडे नाव विनाशुल्क चढवता येतं, पण तुमच्याकडे वर्ष नाही. आजच कॉन्सुलेटला ईमेल टाका आणि वहिनींनाच जपानीत लिहू द्या.

नियमावर_बोट:
नागरिकत्वाबद्दल. जपानचा कायदा रक्ताच्या नात्यावर चालतो. १९८५ पर्यंत वडील जपानी असले तरच, त्यानंतर आई किंवा वडील कुणीही. म्हणजे तुमच्या लेकीला ते जन्मानेच मिळालंय, अर्ज करून नव्हे. तिकडे नोंद देणं म्हणजे जे आहे ते राखणं. भारतात जन्म आणि वडील भारतीय, म्हणून ती आपल्या कायद्यानेही भारतीय आहे. नोंद आणि पासपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गाठ मारू नका. नोंद आधी उरकून घ्या, पासपोर्टचा वाद मग सावकाश घाला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे जपानी पासपोर्ट काढण्याआधी मात्र जाणत्या वकिलाला भेटा. जपानच्या बाजूने एका नागरिकत्वाची निवड वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत करायची असते. एप्रिल २०२२ आधी ती बाविसाव्यापर्यंत होती.

मुदत हुकलीच तर अठरा वर्षांच्या आत, जपानमध्ये राहायला गेल्यावर, परत मिळवायची वाट आहे. पण त्या भरवशावर बसू नका.

आणि हो, कोसेकीत मधलं नाव असा रकाना नाही. तुमचं नाव तिथे 'वडील' म्हणून येईल, लेकीच्या नावात नाही. आडनाव वहिनींच्या कोसेकीतलं. आजोबांना आधीच सांगून ठेवा. 'लीला'च ठेवायचं झालं तर जपानी पासपोर्टवर रोमन अक्षरांत 'ल' ठेवण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो, आधाराला जन्मदाखला लागतो. तेव्हा वहिनींना एवढं तरी सांगून बघा.

औंधची_हिरोको_वहिनी:
मी जपानी नाही हो, कॉलेजात नाटकात काम केलं तेव्हापासून हे नाव चिकटलंय. शेजारी मात्र जपानी कुटुंबं खूप.

मंडळांचं म्हणाल तर ती खासगी असतात, सरकारी नव्हे. सभासदत्वाचे नियम ज्याचे त्याचे. त्यात कंपनीने तीन-चार वर्षांसाठी पाठवलेली कुटुंबं जास्त, हे खरं. पण आयांचा गोतावळा मंडळाच्या वहीवर चालत नाही. माझ्या शेजारणीने एकीला चहाला बोलावलं, पुढच्या आठवड्यात पाचजणी बाबागाड्या घेऊन हजर.

वहिनींनी झाइर्‍यू तोदोके, म्हणजे परदेशी वास्तव्याची नोंद, केलीये का? तीन महिने किंवा जास्त राहणाऱ्या जपानी माणसाला ती कायद्याने द्यावीच लागते, ऑनलाइन होते. दंगल, पूर, साथ असलं काही झालं की त्याच यादीवर ईमेल येतात. पुढे लेक शाळेच्या वयाची झाली की जपान सरकारची पाठ्यपुस्तकं वकिलातीमार्फत फुकट मिळतात, ती इथल्या मराठी शाळेत जात असली तरी. आपलं सरकार परदेशातल्या पोरांना बालभारती पाठवतं का, हा प्रश्न इथे अवांतर आहे, पण विचारतेच.

चिंचवडचा_जावई:
मावशी, दादा, वहिनी, मनापासून आभार. बायकोने ईमेल लिहायला घेतलाय. वास्तव्याची नोंद लग्नानंतर लगेच केली होती, पण पत्ता जुनाच आहे. तो आज बदलतो. 'ल'चं ऐकून ती थोडी नरमलीये.

एकच राहिलं. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर जन्मवेळ आहे, पण हाताने लिहिलेली, आणि ४ आहे की ९ ते कळत नाही. असं कार्ड कुणी दिलंय का, की लेटरहेडवर नवं पत्रच मागू? डॉक्टर सोमवारपर्यंत सुट्टीवर आहेत.