दाखल नोंदवही संगणकावर चढवताना कळफलक की माउस?

प्रश्न | ग्रंथसेवक

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी असून ते 'ब' वर्गात मोडते. सुमारे बारा हजार पुस्तकांची दाखल नोंदवही आजवर हातानेच लिहिली गेली. ती मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रणालीत चढवण्याचे काम आता माझ्याकडे आणि एका अर्धवेळ सहाय्यकाकडे आले आहे. प्रत्येक पुस्तकाचे अकरा रकाने आहेत : दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, पृष्ठे, किंमत, वर्गांक (विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक) आणि शेरा. नोंदी भरण्याचा पडद्यावरचा फॉर्म मीच तयार केला आहे. वर्गांकाचा रकाना आधी राहून गेला होता, तो नंतर शीर्षकाच्या शेजारी बसवला.

माझी मराठी टंकलेखनाची परीक्षा झालेली असल्यामुळे मी टॅब दाबत पुढे जातो. सहाय्यक मात्र प्रत्येक रकान्यात माउसने टिचकी मारल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. त्याला टॅब वापरण्यास सांगितले, तर 'टॅब दाबला की कर्सर भलतीकडे उडी मारतो, त्यापेक्षा मला दिसते तिथे मी टिचकी मारतो' असे त्याचे उत्तर असते. आमची यावरून दोनदा शब्दाशब्दी झाली आहे.

कळफलकामुळे खरोखरच किती वेळ वाचतो, नेमक्या कोणत्या कळा शिकून घेण्यासारख्या आहेत आणि सहाय्यकाने माउस सोडावा असा आग्रह मी धरावा का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ | जुना नोंदकरी

मी हे काम डीबेस थ्री प्लस या जुन्या डेटाबेस प्रणालीवर शिकलो. त्या पडद्यावर माउसला जागाच नव्हती. एफ९ दाबले की 'अपेंड' म्हणजे नवी नोंद, एफ१० दाबले की 'एडिट' म्हणजे दुरुस्ती, आणि लिहून झाले की जतन करण्यास कंट्रोल-डब्ल्यू. रकान्याची लांबी भरली की 'टुक्' असा आवाज होऊन कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात जात असे, त्यामुळे नजर कागदावरून न हलवता केवळ कानाच्या भरवशावर नोंदी होत. आपल्या कामाशी याचा संबंध असा की नोंदवहीवरून उतरवून घेणाऱ्या माणसाची नजर वहीवरच असायला हवी, आणि माउस त्याला दर रकान्यागणिक पडद्याकडे पाहायला लावतो.

वेळेचा हिशेब हवा असेल तर स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेली एक पद्धत आहे. सवयीच्या हाताला एक कळ दाबण्यास साधारण ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर किंवा माउसवरून कळफलकावर नेण्यास ०.४ सेकंद आणि बाण एखाद्या जागी नेऊन टेकवण्यास १.१ सेकंद, अशी त्यांची सरासरी मोजमापे आहेत. म्हणजे माउसने पुढच्या रकान्यात जायचे, तर हात नेणे, बाण टेकवणे, टिचकी मारणे आणि हात परत आणणे मिळून २.१ सेकंद लागतात; टॅबला ०.२. एका उडीमागे १.९ सेकंदांचा फरक पडतो. आपल्या अकरा रकान्यांत दहा उड्या आहेत, तेव्हा दर पुस्तकामागे १९ सेकंद. बारा हजार पुस्तकांचे ६३ तासांहून थोडे अधिक होतात. दिवसाला सहा तास काम धरले तर हे दहा दिवसांच्या वर गेले, आणि त्यात एक अक्षरही टंकलेले नाही.

अ‍ॅक्सेसमध्ये शिकायच्या कळा फार नाहीत. कंट्रोलसह एकेरी अवतरणचिन्ह दाबले की वरच्या नोंदीतील त्याच रकान्याचा मजकूर खाली उतरतो, आणि आपल्या कामात हीच कळ सर्वांत जास्त उपयोगी पडेल, कारण एका बिलातली पुस्तके नोंदवहीत ओळीने येतात आणि त्यांचा दाखल दिनांक एकच असतो. कंट्रोलसह अर्धविराम दाबला की आजची तारीख येते, पण आपण जुनी वही उतरवत असल्याने तिचा आपल्याला उपयोग नाही. शिफ्ट-एफ२ ने लांब शेरा मोठ्या चौकटीत उघडतो. शिफ्ट-एंटरने चालू नोंद तिथल्या तिथे जतन होते. एस्केप एकदा दाबले तर त्या रकान्यातील बदल रद्द होतो, पुन्हा दाबले तर त्या नोंदीतील सगळेच बदल रद्द होतात. एवढ्या कळा एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवाव्यात.

उत्तर २ | मूषकपक्षी

वरील हिशेब बरोबर आहे, पण त्याच पद्धतीतील एक आकडा नोंदकरींनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. 'आता काय दाबायचे' हे मनाशी ठरवण्यास त्याच तिघांनी १.३५ सेकंद धरले आहेत. टॅबसाठी विचार करावा लागत नाही, म्हणून टॅब जिंकतो. दिवसातून एकदा लागणारी कळ मात्र आठवावी लागते, आठवली नाही तर चिठ्ठी शोधावी लागते, आणि तेवढ्या वेळात माउसवाल्याचे काम होऊन गेलेले असते.

माझा खरा आक्षेप वेळेबद्दल नसून चुकांबद्दल आहे. एका कामात आमच्या गटाला तीच अवतरणचिन्हाची कळ फार आवडली होती. प्रकाशक बदलला तरी बोट सवयीने ती कळ दाबत राहिले, आणि चाळीसएक पुस्तकांना आधीच्या बिलातला प्रकाशक चिकटला. दोष आमचाच होता. पण माउसने यादीतून निवडताना प्रकाशकाचे नाव निदान एकदा डोळ्यांखालून जाते, हाताच्या सवयीत ते जात नाही. शिवाय अ‍ॅक्सेसमध्ये एका नोंदीवरून दुसरीवर गेलात की आधीची नोंद विचारल्याशिवाय जतन होते. वर्ड किंवा एक्सेलची सवय असलेला माणूस 'मी सेव्ह केलेलेच नाही' असे समजून निर्धास्त असतो.

दुसरी अशीच खोड : टॅबने रकान्यात शिरले की तिथला सगळा मजकूर निवडला जातो, आणि त्यानंतर चुकून दाबलेले एक अक्षरही जुना मजकूर पुसून स्वतः तिथे बसते. दुरुस्तीसाठी जुन्या नोंदीत शिरताना आधी एफ२ दाबावे, म्हणजे निवड सुटून कर्सर मजकुरात येतो. किंवा पर्यायांमध्ये जाऊन रकान्यात शिरताना कर्सर शेवटी जावा अशी व्यवस्था करून ठेवावी. माउसही निर्दोष नाही, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅक्सेस २००३ पर्यंत फॉर्मवर माउसचे चाक फिरवले की थेट पुढची नोंद येत असे. २००७ च्या आवृत्तीत हे बदलले.

ग्रंथसेवक, आपल्या सहाय्यकाचे वाक्य मात्र मी पुन्हा वाचले. कर्सर भलतीकडे उडी मारतो असे तो म्हणतो, आणि वर्गांकाचा रकाना नंतर बसवला असे आपण लिहिता. नंतर घातलेला रकाना पडद्यावर कुठेही दिसत असला तरी टॅबच्या क्रमात तो शेवटी जातो. म्हणजे शीर्षकानंतर टॅब दाबला की कर्सर वर्गांक ओलांडून प्रकाशकावर जातो, आणि शेऱ्यानंतर पुन्हा वर येतो. असे होत असेल, तर आपला सहाय्यक हट्टी नाही. आपला फॉर्म सदोष आहे. डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे फॉर्मची रचना बदलण्याच्या दृश्यात, 'टॅब ऑर्डर' उघडून पाहावे.

प्रतिसाद | ग्रंथसेवक

पाहिले. वर्गांक खरोखरच अकराव्या क्रमांकावर, शेऱ्याच्याही खाली होता. मी स्वतः शेवटी वर येऊन वर्गांक भरत होतो आणि त्यात काही वावगे आहे असे मला आजवर जाणवले नव्हते.

उत्तर ३ | जुना नोंदकरी

मूषकपक्षींचे निदान अचूक आहे, मीही ते ओळखायला हवे होते. आता क्रम लावायलाच बसला आहात, तर तो पडद्यावरच्या दिसण्याप्रमाणे न लावता वहीतल्या रकान्यांप्रमाणे लावावा. 'ऑटो ऑर्डर' हे बटण मांडणीकडे पाहून क्रम लावते, त्याला आपली वही ठाऊक नसते. जो रकाना सहसा रिकामा राहतो, उदाहरणार्थ शेरा, त्याचा 'टॅब स्टॉप' बंद ठेवावा, म्हणजे टॅब तिथे थांबत नाही. लागेल तेव्हा तिथे माउसने टिचकी मारावी. वर्षाच्या रकान्याला चार अंकांचा इनपुट मास्क (किती आणि कोणती अक्षरे घ्यायची याचा साचा) देऊन 'ऑटो टॅब' चालू केले, तर चौथा अंक पडताच कर्सर पुढे सरकतो. 'टुक्' तेवढे होत नाही.

प्रकाशकासाठी कॉम्बो बॉक्स, म्हणजे उघडणाऱ्या यादीचा रकाना, करावा आणि यादीबाहेरचे नाव स्वीकारू नये अशी अट घालावी. पहिली अक्षरे टंकताच नाव पुरे होते आणि एफ४ ने यादी उघडते, त्यामुळे हात कळफलकावरच राहतो. याचा मोठा लाभ शुद्धलेखनात आहे. माझ्या एका जुन्या यादीत कॉन्टिनेन्टल, कॉन्टिनेंटल आणि काँटिनेंटल असे तीन प्रकाशक तयार झाले होते, आणि प्रकाशकवार मोजदाद करताना एकाच प्रकाशकाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरलेली सापडली. मूषकपक्षींना हवी असलेली नावावरून एकदा फिरणारी नजरही इथे आपसूक मिळते.

उत्तर ४ | सारणी

मराठी नोंदींचा एक मुद्दा राहिला. लेखक आणि शीर्षक इनस्क्रिप्ट या कळफलक मांडणीने मराठीत, पण वर्गांक आणि काही शीर्षके इंग्रजीत, म्हणजे दर पुस्तकाला दोन-तीन वेळा भाषा बदलणे आले. अनेक जण यासाठी कोपऱ्यातल्या भाषेच्या चिन्हावर टिचकी मारतात, आणि माझ्या मते माउसचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. विंडोज कळ आणि स्पेस बार एकत्र दाबल्यास भाषा बदलते. त्याहून चांगली सोय अशी की अ‍ॅक्सेसमध्ये टेक्स्ट बॉक्सला (मजकुराच्या रकान्याला) 'कीबोर्ड लँग्वेज' नावाचा गुणधर्म असतो. लेखकाच्या रकान्याला मराठी आणि वर्गांकाच्या रकान्याला इंग्रजी ठरवून दिली, की कर्सर त्या रकान्यात शिरताच कळफलक त्या भाषेचा होतो. जी कळ दाबावीच लागत नाही तिच्याइतका वेगवान शॉर्टकट नाही.

तक्त्यांमधले संबंध जोडणे, क्वेरीच्या (हव्या त्या नोंदी शोधून काढण्याच्या) आराखड्यात रकाने ओढून आणणे आणि स्तंभांची रुंदी कमी-जास्त करणे ही कामे मी आजही माउसनेच करतो. तिथे हाताला काही टंकायचे नसते, त्यामुळे तो कळफलकावर परत नेण्याचा प्रश्न येत नाही.

उत्तर ५ | कानसेन

मी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो, त्यामुळे माझ्यापुरता हा वाद उद्भवतच नाही. टॅबचा क्रम नीट लावलाच आहे, तर प्रत्येक रकान्याचे लेबल त्या रकान्याला जोडलेले आहे ना, तेही पाहावे. ते सुटे राहिले तर मला रकान्याचे नाव ऐकू येत नाही.

प्रतिसाद | ग्रंथसेवक

सर्वांचे आभार. टॅबचा क्रम वहीप्रमाणे लावला, शेऱ्याचा टॅब स्टॉप काढला, प्रकाशकांची यादी केली आणि रकान्यांच्या भाषा ठरवून दिल्या. वर्गांकाचे लेबल सुटे होते, तेही जोडले. अवतरणचिन्हाची कळ आम्ही फक्त दिनांकासाठी वापरायची असे ठरवले आहे, प्रकाशकासाठी नाही.

सहाय्यकाला मी काहीच सांगितले नाही. फॉर्म बदलून दिला आणि शेजारी बसून वही वाचून दाखवू लागलो. पहिल्या पानावर त्याचा हात सवयीने माउसकडे जात होता. तिसऱ्या पानावर माउस वहीखाली गेला होता, आणि शेरा लिहिण्याची वेळ आली तेव्हा तो शोधावा लागला.