खोटी साक्ष एवढ्यापुरतंच नाही

खोटं बोलण्याबाबत बायबलचा आक्षेप फक्त कोर्टातल्या खोट्या साक्षीला आहे, असं एक मत मांडलं जातं; ते पटत नाही. बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातलं 20:14 बघा: घेणारा ‘वाईट, वाईट’ म्हणतो आणि माल घेऊन निघाला की फुशारकी मारतो. मूळ हिब्रूतही ‘रा, रा’ असं दोनदाच आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बांधावर व्यापाऱ्याच्या तोंडून ‘घड बारीक, डाग पडलेत’ ऐकलेल्याला हे वेगळं समजवायला नको! म्हणजे लबाडी विकणाऱ्याचीच धरलेली नाही.

बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 25:13 मध्ये, थैलीत दोन वजनं ठेवायला मनाई आहे, एक मोठं नि एक लहान. मोठ्यानं घ्यायचं, लहानानं द्यायचं. हिब्रूत ‘एबेन’ म्हणजे दगड आणि वजनही, कारण वजनं दगडाचीच असत. मत्तयच्या शुभवर्तमानातलं (5:37) ‘होय तर होय, नाही तर नाही’ हे शपथेबद्दल आहे, एवढं मात्र खरं.