बॉल मिलचं मॉडेल सर्व्हेशी जुळतं, फीड वाढवलं की चुकतं

प्रश्न
बॉल मिल (गोळ्यांनी खनिज दळणारी) आणि सायक्लोन (जाड-बारीक कण वेगळे करणारा), बंद सर्किट: जाड माल (अंडरफ्लो) परत मिलमध्ये, बारीक (ओव्हरफ्लो) पुढे. बाँड वर्क इंडेक्स (दळायला किती वीज लागते त्याचा अंक) १४, फीडचा एफ८० (८० टक्के माल ज्या आकारापेक्षा बारीक) २५०० मायक्रॉन, ओव्हरफ्लोचा पी८० (तेच, दळलेल्या मालाचं) १००. पॉप्युलेशन बॅलन्स मॉडेल (प्रत्येक आकाराच्या कणांचा हिशोब ठेवणारं) एका सर्व्हेवर (सर्किटमधून एकदा घेतलेल्या नमुन्यांवर) बसवलंय, सगळ्या चाळण्यांवर छान जुळतं. फीड १५ टक्के वाढवलं, पाणी तेच ठेवलं. मॉडेल म्हणतं पी८० ११०, प्रत्यक्षात १४० च्या पुढे. सिलेक्शन (कण किती वेगाने फुटतात) आणि ब्रेकेज (फुटल्यावर कोणत्या आकाराचे तुकडे होतात), दोन्ही फंक्शन त्याच सर्व्हेतून काढलीत. चूक कुठे शोधू?

उत्तर १
आधी नमुने तपासा. सर्क्युलेटिंग लोड (ओव्हरफ्लोच्या तुलनेत किती माल मिलमध्ये परत फिरतो) प्रत्येक चाळणीवर वेगळा काढा: (ओव्हरफ्लो − सायक्लोन फीड) ÷ (सायक्लोन फीड − अंडरफ्लो), तिन्ही आकडे चाळणीतून खाली गेलेल्या मालाचे. ७५ मायक्रॉनवर ७०, ४० आणि २८ असतील तर ३० ÷ १२, म्हणजे २५० टक्के. शेजारच्या चाळणीवर ४०० आला तर कुठला तरी नमुना बिघडलाय. अंडरफ्लोवर आधी संशय घ्या, नमुना घेणारा कटर पूर्ण धारेतून आरपार जात नाही. अगदी जाड चाळण्यांवर मात्र भागाकाराखालचा फरक इवलासा असतो, तिथल्या उत्तराला फार किंमत देऊ नका. ताळमेळ बसवल्यावरच फिटिंग.

उत्तर २
नमुने चोख असले तरी एका सर्व्हेतून दोन्ही फंक्शन निघत नाहीत. एकाची चूक दुसरं झाकतं, म्हणून तर इतकं छान जुळतंय! ब्रेकेज प्रयोगशाळेत काढा: एकाच आकाराचे कण छोट्या बॅच मिलमध्ये अगदी थोडा वेळ दळा, आणि ते आकडे कायम ठेवा. सर्व्हेतून फक्त सिलेक्शन काढा, तेही दर मिनिटाला नव्हे, टनामागच्या युनिटप्रमाणे. मिलची वीज जवळपास तेवढीच राहते, टनाच्या वाट्याला कमी येते.

बाँडचं गणित घाला: १० × १४ × (१/√१०० − १/√२५००) = ११.२ युनिट प्रति टन. १५ टक्के जास्त माल म्हणजे ९.७४, त्यावरून पी८० सुमारे १२५. तुमचं ११० इथेच उघडं पडतं.

उत्तर ३
१२५ च्या वरचं सायक्लोनमुळे. सायक्लोनसाठीच्या प्लिटच्या सूत्रात कट साइझ (ज्या आकाराचे कण दोन्हीकडे निम्मे-निम्मे जातात) ई^(०.०६३ × घन पदार्थाचे आकारमानी टक्के) या गतीने वाढते. २५ चे २९ झाले की कट २९ टक्के जाड. प्रवाह १० टक्के वाढल्याने ती जेमतेम ४ टक्के बारीक होते. अंडरफ्लो पाहिलात का? छत्रीसारखा पसरतोय तोवर ठीक. दोरीसारखा सरळ पडू लागला की जाड कण ओव्हरफ्लोत जातात, आणि हे सूत्र तिथे लागूच होत नाही.

प्रश्नकर्ता
छत्रीच आहे. पण मॉडेलमध्ये घन टक्के २५ वर गोठवलेले आहेत.

उत्तर ३
मग ते सम्पच्या (सायक्लोनला माल देणाऱ्या टाकीच्या) पाण्याच्या ताळेबंदातून काढा, प्रत्येक फेरीत नव्याने. मिलमध्ये पाणी वाढवू नका, सम्पमध्ये द्या; मिलमधली स्लरी पातळ झाली की बॉलवर माल टिकत नाही. पुढे थिकनर (स्लरीतलं पाणी वेगळं करणारी टाकी) असेल तर त्याची क्षमता आधी पाहा.