जुना कंप्रेसर सर्व्हिसवाले घेऊन गेले, तो नक्की कोणाचा? (इंदूर) सल्ला हवाय

रामबागची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या वरच्या खोलीतला स्प्लिट एसी ऐन मेमध्ये बसला, पंखा चालू पण गार काही होईना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कंप्लेंट टाकली, दोन पोरं आली, कंप्रेसर गेलाय म्हणाली, नवा टाकला, गॅस भरला, बिल हातात दिलं आणि जुना कंप्रेसर गोणीत घालून निघाली पण. सासरे खाली पेपर वाचत होते, त्यांनी अडवलं की हा कुठे चालला, तर म्हणे अंकल कंपनीत जमा करावा लागतो, नियम आहे. सासऱ्यांचं म्हणणं, पैसे आम्ही मोजले तर वस्तू आमची. आता रोज जेवताना हाच विषय, कारण कोपऱ्यावरच्या अटालेवाल्याने (भंगारवाल्याने) त्यांना कंप्रेसरचा भाव सांगून ठेवलाय 😅

दुसरं म्हणजे ह्यांच्या गाडीचा पुढचा बंपर आणि एक हेडलाइट इन्शुरन्समधून बदलायचाय, तिथेही जुना मागायचा का? आणि पुढच्या वेळी कोणाला बोलवायचं असेल तर जुना पार्ट न मागता हातात देणारा एसीवाला आपल्या बाजूला कोणी आहे का?

सियागंज_सुट्टे
वहिनी सरळ हिशोब आहे. पार्टचे पूर्ण पैसे दिले तर जुना तुमचा. वॉरंटीत फुकट मिळाला तर जुना कंपनीचा. एक्सचेंजमध्ये कमी भावाने घेतला तर जुना दुकानदाराचा, कारण त्याची किंमत त्याने आधीच वजा केलीय. बाकी अटाल्यासाठी एवढी डोकेफोड कशाला, मी तर माझ्या मिस्त्रीला सांगतो घेऊन जा बाबा, पोरगा चहा पिईल.

कूलिंग_काका
सुट्टे साहेब, चहाचा प्रश्न नाही. मी उभी हयात फ्रीज-एसीच्या कामात काढली, आता दुकान पोरगा बघतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो. जुना पार्ट का बघायचा तर तो खरंच बदलला का आणि खरंच खराब होता का हे कळायला. एसीची पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) घ्या, पाच वेळा "जळाली" म्हणतात त्यात दोन-तीनदा त्यावरचा एखादा रिले किंवा कॅपॅसिटरसारखा छोटा भाग गेलेला असतो, तीच पीसीबी बाहेर दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या एसीत "नवी" म्हणून लागते. तुम्ही जुनी मागून घेतली की हा धंदा तुमच्यापुरता बंद. कंप्रेसर सीलबंद डबा, त्यात मोटरची वाइंडिंग, कधी तांब्याची कधी अ‍ॅल्युमिनियमची, आणि तेल. भंगारवाला वजनावर घेतो. भाव येतो, पण फार आशेने बघू नका, आतून अ‍ॅल्युमिनियम निघालं की सासऱ्यांचा हिरमोड व्हायचा.

आता मला सांगा, एसी कधीचा आहे, इन्व्हर्टर आहे का, आणि बिलात कंप्रेसरच्या ओळीपुढे रक्कम आहे की शून्य?

रामबागची_सून
काका, इन्व्हर्टर आहे, २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. बिलात कंप्रेसरची रक्कम वेगळी, गॅस वेगळा, लेबर वेगळं, वर जीएसटी. एक्सचेंज वगैरे शब्द कुठेच नाही.

कूलिंग_काका
हौ, मला तेच वाटलं होतं. आधी ते जुनं वॉरंटी कार्ड शोधा. इन्व्हर्टर एसीत बऱ्याच कंपन्या कंप्रेसरला १० वर्षं वॉरंटी देतात, मशिनला एक वर्ष आणि कंप्रेसरला दहा, खरेदीच्या वेळी दुकानदार हेच ओरडून सांगत असतो आणि नंतर घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. गॅस आणि लेबरचे पैसे त्यात सहसा लागतात, ते घेतले असतील तर ठीक. पण कंप्रेसरचेच पैसे कसे लावले? एखाद्या कंपनीत खरेदीनंतर रजिस्ट्रेशनची अट असते, ती बघा, मूळ बिल शोधा. आणि वॉरंटी लागू असेल तर जुना कंप्रेसर कंपनीकडेच जातो, कारण सेंटरला तो पाठवून क्लेम करावा लागतो, जुन्याच्या प्लेटवर सिरियल नंबर असतो त्यावरून. म्हणजे ती पोरं "जमा करावा लागतो" म्हणाली ते कदाचित खरंच असेल, आणि तसं असेल तर मग तुमच्याकडून पैसे का घेतले? एक तर वॉरंटी आणि जुना त्यांचा, नाही तर पैसे आणि जुना तुमचा. दोन्ही बाजूंनी कसं चालेल. घाईने कोणावर आरोप करू नका, आधी कंपनीच्या कस्टमर केअरला जॉब नंबर (तक्रारीचा नंबर) देऊन विचारा की तुमच्या सिस्टिममध्ये हा कॉल वॉरंटीत दिसतोय का आउट ऑफ वॉरंटी. सेंटरला विचारू नका, थेट कंपनीला.

काळा_कोट_इंदूर
काकांनी नस बरोबर पकडली. कायद्याची बाजू थोडक्यात टाकतो. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे १८७२ च्या करार कायद्यातलं बेलमेंट (कामापुरती वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं), कलम १४८ पासून पुढे. काम झालं की न मागताही परत द्यायची हे कलम १६० सांगतं. वस्तूतून काढलेला भाग हा त्या वस्तूचाच भाग, मालकी दुरुस्ती करणाऱ्याकडे आपोआप जात नाही, तुम्ही तशी अट मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून जॉब शीटवर (दुरुस्तीच्या कागदावर) सही करण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा, काही ठिकाणी छापलेलंच असतं की अमुक दिवसांत जुने पार्ट नेले नाहीत तर हक्क राहणार नाही. मात्र बिल थकवलं असेल तर कलम १७० प्रमाणे दुरुस्तीवाला वस्तू अडवून ठेवू शकतो, तेव्हा पैसे न देता भांडायला जाऊ नका.

"कंपनीचा नियम आहे" म्हणाले तर नियम लेखी दाखवा म्हणायचं. वॉरंटीत असा नियम खरोखर असतो, अ‍ॅपलच्या वॉरंटीत तर स्पष्ट लिहिलंय की बदलून दिलेली वस्तू तुमची आणि काढून घेतलेली अ‍ॅपलची. पण तुम्ही पैसे मोजलेत तर तो नियम बिलावर किंवा जॉब शीटवर कुठे आहे ते त्यांनी दाखवायचं. आधी ईमेल करा, बिलाचा फोटो जोडा. दाद नाही मिळाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. बहुतेक वेळा १९१५ वरच काम होतं.

सर्व्हे_साहेब
गाडीबद्दल मी सांगतो. इन्शुरन्समध्ये गणित वेगळं, कारण पैसे मुख्यतः कंपनी देतेय. प्लास्टिक, रबर, बॅटरी यावर ५० टक्के घसारा कापतात, फायबर ग्लासवर ३०, काचेवर काही नाही, पत्र्याचा गाडीच्या वयावर. तुमचा बंपर प्लास्टिकचा, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर अर्धे पैसे तुमचे, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची कपात. जुन्या मालाला आमच्यात सॅल्व्हेज म्हणतात. तो तुम्हाला ठेवायचा असेल तर त्याची किंमत लावून क्लेममधून वजा होते, कॅशलेसमध्ये तो वर्कशॉपकडे किंवा कंपनीकडे राहतो. आम्ही सर्व्हेवाले री-इन्स्पेक्शनला (काम झाल्यावरच्या तपासणीला) जुना बंपर बघायला मागतो तो उगाच नाही, तोच तुटका बंपर दुसऱ्या गाडीचा म्हणून दाखवून पुन्हा क्लेम होऊ नये म्हणून. तेव्हा काम झाल्यावर बंपर लगेच घरी आणू नका, क्लेम अडकेल. आणि खरं सांगू, फुटका बंपर घरी आणून करणार काय, आपल्या इंदूरच्या घंटागाडीत तो कुठल्या डब्यात टाकणार 😄

जेलरोड_टेक
मोबाइलवाल्यांसाठी पण लिहा कोणीतरी. नाहीतर मीच लिहितो. डिस्प्ले बदलताना दुकानदार दोन भाव सांगतो, जुना देऊन आणि जुना न देता. वरची काच फुटली पण आतला पॅनल चालू असेल तर तो पॅनल त्याच्यासाठी माल आहे, काच बदलून परत विकला जातो. तेव्हा भाव करताना "जुना मी नेणार" म्हणून बघा, आकडा कसा हलतो ते. आमच्याकडे गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही, हे पण खरं.

सियागंज_सुट्टे
म्हणजे चहाचा प्रश्न नाही, पॅनलचा आहे 😂 ओके, मान्य. पण लाइट गेल्यावर लागतो त्या इन्व्हर्टरची बॅटरी? ती तर मी कायम जुनी देऊनच आणतो.

कूलिंग_काका
ती द्याच. शिशाची बॅटरी असते, भंगारवाला ती उघड्यावर फोडतो, अ‍ॅसिड नाल्यात. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीसायकलिंगला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. फक्त जुनीचे किती कापले ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आरओच्या (पाणी शुद्ध करायच्या मशिनच्या) फिल्टरचं मात्र उलटं, जुना कँडल-मेंब्रेन समोर चिरून टाका, धुऊन दुसऱ्याकडे लागतो.

रामबागची_सून
अपडेट. वॉरंटी कार्ड सापडलं, सासऱ्यांच्याच फाइलमध्ये. कंप्रेसर १० वर्षं लिहिलंय. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर त्यांच्या सिस्टिममध्ये आमचा कॉल वॉरंटीत दिसतोय म्हणाले, बिल मेलवर मागवलंय, बघून कळवतो म्हणाले. सासऱ्यांना समजावतेय की पैसे परत आले तर जुन्यावरचा हक्क सोडावा लागेल, ते म्हणून राहिले की दोन्ही मागून बघ. एसीवाल्याचं कोणी सांगितलंच नाही अजून!

पलासिया_पोहे
वहिनी व्यनि (खाजगी निरोप) केलाय, आमच्याकडे येतो तो माणूस चांगला आहे, पार्ट काढला की आधी तुमच्या हातात देतो मग नवा खोक्यातून काढतो. नाव इथे उघड टाकत नाही, उन्हाळ्यात आधीच मिळत नाही. कोणालाही बोलवा, काम सुरू व्हायच्या आधी पार्टवर मार्करने खूण करा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा. आणि बोलायचं ते आधी बोला, नंतर म्हटलं तर त्यांना संशय घेतल्यासारखं वाटतं.

नवा_सभासद
धागा वाचून एक शंका. लॅपटॉपची हार्ड डिस्क वॉरंटीत बदलून मिळतेय, जुनी परत द्या म्हणतात. त्यात घरचे सगळे फोटो, बँकेची कागदपत्रं. द्यावीच लागेल का?

जेलरोड_टेक
वॉरंटीत सहसा द्यावी लागते. डिस्क थोडी तरी चालत असेल तर बॅकअप घेऊन पूर्ण पुसून द्या. अजिबातच चालत नसेल तर आधी विचारा की डिस्क न देता चालेल का, डेलसारख्या कंपन्यांची डिस्क स्वतःकडे ठेवायची वेगळी सेवा असते, पण तिचे पैसे आधी भरलेले असावे लागतात. तेही नसेल तर मी तरी वॉरंटी सोडून नवी विकत घेईन.